‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर्ष बदलले, परीक्षा जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत स्वतःला बदलण्याविषयीचे लेख येऊ लागतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यांतले दोन सल्ले वाचकाचे नुकसान करतात, असे समुपदेशनाच्या कामात असलेल्या आम्हा अनेकांचे स्पष्ट मत आहे. पहिला सल्ला ‘मानसिकता बदला, सगळे बदलेल’ हा. दुसरा ‘एकवीस दिवस चिकाटी धरा, सवय लागतेच’ हा. पहिल्यात नेमके काय करायचे ते सांगितलेलेच नसते आणि दुसऱ्यातला आकडा चुकीचा आहे. तीन आठवडे मनापासून प्रयत्न करूनही ज्याची सवय लागत नाही, तो माणूस सल्ल्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. आपण आरंभशूर, अशी खूणगाठ बांधतो आणि पुढच्या वेळी आरंभही करत नाही. हे थांबावे म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

‘कळते पण वळत नाही’ या आपल्या वाक्यात या विषयाचे मर्म आहे, आणि ते मोजूनही झाले आहे. थॉमस वेब आणि पॅस्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्या प्रयोगांत लोकांचा निश्चय बराच वाढवता आला होता. पण त्यांच्या प्रत्यक्ष वागण्यातला फरक त्या वाढीच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास भरला. म्हणजे पटवून देणे आणि निर्धार वाढवणे यांचा उपयोग आहे, पण तो अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढे जे अडते त्याला आपण आळस म्हणतो, इच्छाशक्तीचा अभाव म्हणतो, नाहीतर स्वभाव म्हणून सोडून देतो. असे नाव दिले की शोध संपतो.

बदलाला विरोध करणारे मन बहुतेक वेळा काहीतरी राखत असते: मान, एखादे नाते, सुरक्षितता, किंवा दिवसभरातला स्वतःचा एकमेव मोकळा तास. ते काय राखते आहे हे शोधायचे आणि त्याची दुसरी सोय लावायची. ‘मानसिकता बदला’ या शब्दांना काही अर्थ असेल तर तो हा आहे. ‘मी असा का आहे’ हा प्रश्न सोडून ‘हे वागणे माझ्यासाठी कोणते काम करते आहे’ हा प्रश्न घ्यायचा. पहिल्या प्रश्नातून अपराधीपणा निघतो, दुसऱ्यातून माहिती निघते.

कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात हीच गोष्ट बलांच्या भाषेत मांडली. कोणतीही सवय एका जागी टिकते, कारण तिला पुढे ढकलणारी बले आणि मागे धरणारी बले यांचा तोल साधलेला असतो. आपण नेहमी ढकलणारी बले वाढवतो. प्रतिज्ञा, धाक, बक्षीस, भिंतीवर चिकटवलेली वाक्ये ही सगळी ढकलणारी बले. त्याने हालचाल होते, पण ताणही वाढतो, आणि जोर ओसरला की माणूस मूळ जागी परततो. मागे धरणारे बल कमी केले तर कमी ताणात हालचाल होते. दाराला आतून कडी असेल तर बाहेरून दिलेल्या धक्क्यांनी खांदा दुखतो. आणि आतल्या माणसाने ती कडी काहीतरी कारणाने लावलेली असते.

ते कारण शोधण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती प्रौढांच्या मानसिक वाढीचा अभ्यास करणारे रॉबर्ट कीगन आणि लिसा लेही यांची चार रकान्यांची पद्धत. ती पूर्ण देतो, कारण अर्धवट सांगितली की ती निव्वळ आत्मपरीक्षण होऊन बसते. एक कागद आडवा धरून चार उभे रकाने आखावेत. पाऊण तास हाताशी असावा. लिहावे एकट्याने, हाताने.

पहिल्या रकान्यात एकच ध्येय. ते आपल्या स्वतःच्या वागण्याबद्दल असावे. ‘मुलांनी ऐकावे’, ‘साहेबांनी समजून घ्यावे’ ही ध्येये इथे चालत नाहीत. ते साधले तर आयुष्यात किती फरक पडेल याला पाचपैकी गुण द्यावेत. चारपेक्षा कमी आले तर दुसरे ध्येय घ्यावे, कारण लोकांनी सुचवलेल्या ध्येयासाठी पुढचे तीन रकाने भरण्याइतका धीर राहत नाही. उदाहरण म्हणून, समजा, एका विभागाच्या प्रमुख बाईंनी लिहिले: ‘कामे सहकाऱ्यांवर सोपवीन आणि सोपवलेल्या कामात मध्ये पडणार नाही.’

दुसऱ्या रकान्यात, या ध्येयाच्या उलट आपण आज काय करतो आणि काय करायचे टाळतो, ते. इथे केवळ कृती लिहायच्या. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढेच. ‘मला विश्वास वाटत नाही’ ही भावना झाली, ती इथे नको. ‘काम दिल्यावर दर तासाला विचारते. घाईचे काम आले की स्वतःच करून टाकते. दुसऱ्याने केलेले काम रात्री उघडून न सांगता दुरुस्त करते. सूचना तोंडी आणि अर्ध्याच देते.’ असे किमान चार मुद्दे हवेत. या रकान्यात हमखास एक चूक होते. यादी वाचून लाज वाटते आणि हात लगेच पुढे लिहू लागतो: ‘उद्यापासून हे बंद.’ तो मोह आवरावा. ही यादी गुन्ह्यांची नाही, मागावर नेणाऱ्या खुणांची आहे. आज त्या पुसल्या तर पुढचा रकाना भरायला काही उरणार नाही.

तिसरा रकाना सर्वांत अवघड, आणि बहुतेकांचे इथेच फसते. दुसऱ्या रकान्यातली एकेक कृती घेऊन विचारायचे: याच्या बरोबर उलट वागायचे ठरवले तर मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटेल? पहिले उत्तर सभ्य येते. ‘काम बिघडेल.’ तिथे थांबू नये. ‘बिघडले तर माझे काय होईल?’ ‘वरिष्ठ मला विचारतील.’ ‘आणि समजा बिघडलेच नाही, तर?’ हा शेवटचा प्रश्न जरूर विचारावा. तो फार कमी लोक विचारतात. कारण अनेकदा खरी भीती अपयशाची नसते, यशाची असते: ‘माझ्यावाचून सगळे चालते, हे सर्वांना दिसेल.’ उत्तर लिहिताना पोटात थोडे आवळल्यासारखे झाले, तर आपण योग्य ठिकाणी पोहोचलो. आता ती भीती बांधिलकीच्या भाषेत लिहायची: ‘माझ्यावाचून अडलेच पाहिजे, हे राखायला मी बांधलेली आहे.’

हे वाक्य झाले की दुसरा रकाना पुन्हा वाचावा. दर तासाला विचारणे, अर्ध्या सूचना देणे, रात्री दुरुस्त्या करणे ही सगळी वागणूक या गुप्त बांधिलकीसाठी अगदी चोख काम करते आहे. इथे आळस नाही, दुबळेपणाही नाही. एकच माणूस दोन विरुद्ध गोष्टींसाठी तितक्याच निष्ठेने झटतो आहे. हे कागदावर दिसते तेव्हा अनेकांचा स्वतःवरचा राग पहिल्यांदा उतरतो. मी याला निव्वळ दिलासा मानत नाही. राग उतरल्याशिवाय माणूस नीट बघू शकत नाही.

चौथ्या रकान्यात त्या बांधिलकीच्या मुळाशी असलेले गृहीतक, ‘जर… तर…’ या रूपात: ‘जर माझ्यावाचून अडले नाही, तर माझी किंमत उरणार नाही.’ गृहीतक बरोबर सापडले की नाही, याची एक कसोटी आहे. ते शंभर टक्के खरे धरले, तर तिसऱ्या रकान्यातली बांधिलकी अपरिहार्य वाटायला हवी. तशी ती वाटत नसेल तर आपण अजून वरवर आहोत. वाक्य ‘कदाचित’ने सुरू होत असेल तरीही तेच समजावे, मनाच्या तळाशी बसलेली गृहीतके ठाम बोलतात.

यानंतर दोन दिवस कागद बाजूला ठेवावा. मग प्रयोग. प्रयोगाचा हेतू सुधारणा हा नसून गृहीतक कितपत खरे आहे याची माहिती मिळवणे हा असतो, आणि हा फरक विसरला की सगळी पद्धत पुन्हा प्रतिज्ञेवर येते. प्रयोग लहान असावा, चूक झाली तर निस्तरता येईल असा असावा, आणि आठवड्याभरात करता यावा. आपल्या उदाहरणात: दर आठवड्याला येणारे एकच काम निवडायचे. सूचना एकदाच, लेखी आणि पूर्ण द्यायच्या. विचारणा दोनदाच, मध्यावर आणि मुदतीच्या आदल्या दिवशी, आणि त्या वेळा आधीच सांगून ठेवायच्या. एरवी त्या कामाला हात लावायचा नाही. सुरू करण्यापूर्वी अंदाज आकड्यात लिहायचा: ‘मोठी चूक होण्याची शक्यता ७० टक्के. लोक मला विचारेनासे होण्याची शक्यता ८० टक्के.’ काम झाल्यावर तीन गोष्टी नोंदवायच्या: कामाचे काय झाले, त्या आठवड्यात लोक माझ्याकडे कशाकशासाठी आले, आणि मोकळा राहिलेला वेळ कुठे गेला.

आधी अंदाज लिहिला नाही तर प्रयोग वाया जातो, कारण नंतर मन म्हणते, ‘हे तर मला माहीतच होते.’ दुसरा धोका चोरून घेतलेल्या आधाराचा. बाईंनी मध्येच एक फाइल हळूच तपासली आणि काम चांगले झाले, तर श्रेय त्या तपासणीला जाते आणि गृहीतक आणखी पक्के होते. सभेत बोलण्याची भीती असलेला माणूस भाषण शब्दशः पाठ करून जातो; ते चांगले झाले की तो म्हणतो, पाठ केले म्हणून वाचलो. भीती जशीच्या तशी राहते. म्हणून प्रत्येक प्रयोगात कोणता आधार काढून घेणार, हे आधीच लिहावे. तिसरा धोका आवेशाचा: पहिल्याच फटक्यात सर्वांत मोठे काम सोपवायचे, ते कोसळते, आणि ‘बघा, मी म्हणत होते ना’ असे म्हणायला मन मोकळे होते. असा प्रयोग कित्येकदा नकळत, अयशस्वी व्हावा म्हणूनच निवडलेला असतो.

चार ते सहा आठवड्यांत असे तीन-चार प्रयोग पुरतात. गृहीतक सरसकट खोटे ठरण्याची अपेक्षा ठेवू नये. बहुधा ते काही माणसांपुरते, काही प्रसंगांपुरते खरे निघते. ‘माझी किंमत उरत नाही’ याऐवजी ‘एक वरिष्ठ तसे मानतात, बाकीचे माझ्याकडे आता अडचणी घेऊन येतात’ एवढे समजले तरी पुष्कळ झाले. मग कुठे सावध राहायचे आणि कुठे मोकळे, हे ठरवता येते.

ही पद्धत मोठ्या प्रश्नांसाठीच असते असे नाही. रात्री उशिरापर्यंत फोन बघत बसणे हे फार साधे उदाहरण. गजर लावणे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, अॅपवर बंधन घालणे हे सगळे उपाय आठवडाभर चालतात. तिसरा रकाना भरला की बहुतेकांच्या बाबतीत एकच वाक्य निघते: दिवसभरात हा एवढाच वेळ माझा असतो. अशा माणसाला झोपेचे फायदे सांगून काय होणार? त्याला संध्याकाळी अर्धा तास कोणी हाक मारणार नाही अशी सोय घरातल्यांशी बोलून लावावी लागते. ती लागली की फोन बाहेर ठेवण्याचा उपाय टिकू शकतो, कारण आता तो काही हिरावून घेत नाही.

आता ‘मानसिकता’ या शब्दाबद्दल. मानसशास्त्रज्ञ कॅरॉल ड्वेक यांनी माणसाच्या क्षमता ठरून गेलेल्या असतात असे मानणे आणि त्या वाढवता येतात असे मानणे, या दोन भूमिकांतला फरक दाखवला. कल्पना मोलाची आहे. आपल्याकडे तर ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ हे पहिल्या भूमिकेचे वाक्य लहान मुलांच्या कानांवरही पडते. पण या कल्पनेचा परिणाम किती, हेही वाचकांना सांगायला हवे. व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये केलेल्या एकत्रित आढाव्यात शिक्षणावरचा सरासरी परिणाम फारच लहान निघाला. २०१९मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळांत केलेल्या मोठ्या चाचणीत, एका तासापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्यानंतर अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांच्या श्रेणीत (तिथे ती साधारण चार गुणांच्या मोजपट्टीवर मोजतात) सरासरी ०.१० गुणाची वाढ दिसली. एवढ्याशा खर्चात ती चांगलीच म्हणायची. पण ‘विश्वास ठेवा, जमेल’ एवढ्यावर कोणाचे आयुष्य पालटत नाही, हेही त्याच आकड्यातून दिसते. बदलता येते असे मानल्याने दार उघडते. चालण्याची पद्धत वेगळी शिकावी लागते.

रोजच्या बोलण्यात एक फरक मात्र लगेच करता येतो. ‘मी आळशी आहे’ या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. ‘मंगळवारी आणि गुरुवारी कामावरून परतल्यावर मी वही उघडली नाही, दोन्ही दिवशी आधी अर्धा तास पडलो होतो’ या वाक्यात दोन जागी हात घालता येतो. आणि मराठीतल्या एका अक्षरावर लक्ष ठेवावे: ‘च’. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकापासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत हट्टी अपेक्षांना त्रासाचे मूळ मानले आहे, आणि तो हट्ट मराठीत बहुतेक वेळा या ‘च’मध्ये असतो. ‘मला हे जमलेच पाहिजे’ म्हणणारा पहिल्या चुकीला कोसळतो. ‘हे जमावे अशी माझी तीव्र इच्छा आहे, आणि न जमल्यास मला वाईट वाटेल’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. यात ध्येय तसूभरही कमी होत नाही.

अडसर सैल झाला की कृतीची योजना. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना सर्वांत सोपी आहे. त्यांनी आणि वर उल्लेख आलेल्या शीरन यांनी २००६मध्ये ९४ चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा तिचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. एरवी ‘जर-तरची भाषा नको’ असे आपण टाळाटाळीबद्दल म्हणतो. इथे तीच कामाला येते. ‘रोज चालेन’ ही इच्छा झाली. ‘संध्याकाळी घरात येऊन चप्पल काढण्याची वेळ आली, तर ती न काढता बूट घालून पंधरा मिनिटे चालून येईन’ ही योजना झाली. यातली खूण डोळ्यांना दिसणारी हवी. ‘सकाळी’, ‘वेळ मिळाला की’, ‘मन शांत झाल्यावर’ या खुणा नव्हेत. ‘तर’नंतर करायची कृती असावी, ‘तर रागावणार नाही’ असे लिहिले की लक्ष रागावरच राहते, त्यापेक्षा ‘तर आधी पेला भरून पाणी पिऊन मग उत्तर देईन’ हे चालते. एका वेळी एक किंवा फार तर दोन योजना. सहा लिहिल्या की एकही आठवत नाही.

एकवीस दिवसांचा आकडा कुठून आला, हे एकदा छापून यायला हवे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने १९६०मध्ये आपले निरीक्षण नोंदवले होते की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारणपणे किमान २१ दिवस लागतात. नव्या सवयी लावण्याची ती मोजणी नव्हती, आणि ‘किमान’ हा शब्द वाटेतच गळाला. प्रत्यक्ष मोजणी फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केली. ती २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ जणांनी रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून एकेक नवी कृती ८४ दिवस केली. ज्यांच्या नोंदींवरून सवयीची वाढ नीट मोजता आली, त्यांत कृती जवळजवळ आपोआप होऊ लागण्याच्या कालावधीचा मध्यक ६६ दिवस आला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त दिवस. व्याप्ती १८ ते २५४ दिवसांची होती; ८४ दिवसांपलीकडचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले अंदाज आहेत. साध्या कृती लवकर मुरल्या, व्यायामासारख्या उशिरा. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. ही शेवटची ओळ जाड ठशात छापण्याजोगी आहे, कारण साखळी तुटली म्हणून सगळे सोडून देणारे असंख्य आहेत.

या सोडून देण्याचाही अभ्यास झाला आहे. अॅलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात दाखवले की एकदा घसरल्यावर माणूस त्याचा काय अर्थ लावतो, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘माझ्यात दमच नाही’ असा अर्थ लावला तर एका घसरण्याचे पूर्ण पडणे होते. म्हणून घसरण्याची तयारी आधीच असावी. चोवीस तासांच्या आत तीन ओळी लिहायच्या: कुठे आणि किती वाजता झाले, त्याआधी काय घडले होते, त्या क्षणी कशाची गरज होती. मग ठरलेल्या कृतीचे सर्वांत लहान रूप त्याच दिवशी करायचे, पंधरा मिनिटांऐवजी तीन मिनिटे चालले तरी चालेल. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र कधीही करू नये. दुप्पट ही शिक्षा असते, आणि शिक्षेपासून मन पुन्हा पळते. स्वतःशी मऊ वागल्याने माणूस सैलावतो ही समजूतही तपासली गेली आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२च्या प्रयोगात, परीक्षेत कमी पडलेल्यांपैकी ज्यांना स्वतःकडे सहानुभूतीने पाहायला सांगितले होते, ते पुढच्या प्रयत्नापूर्वी अधिक वेळ अभ्यासाला बसले.

घरातल्यांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील, कारण विरोधाचा निम्मा भाग तिथे तयार होतो. आपले स्वातंत्र्य कोणी काढून घेते आहे असे वाटले की माणूस तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६मध्ये मांडले. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या संवादपद्धतीत यावरचा उपाय आहे. बदलाच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात. आपण ‘सिगारेट सोड’ ही बाजू घेतली की त्याच्या वाट्याला दुसरी बाजू उरते. ती तो स्वतःच्या तोंडाने मांडतो, आणि स्वतःचे बोलणे ऐकून त्याला ती अधिकच पटते. दुसऱ्याला सुधारण्याची आपली घाई अशी उलटते, मग ती कितीही मायेपोटी असो.

त्याऐवजी विचारावे: ‘हे सोडणे तुला आज किती महत्त्वाचे वाटते, शून्य ते दहापैकी?’ तो म्हणाला ‘चार’, तर पुढचा प्रश्न ‘दोन का नाही?’ असा, म्हणजे खालच्या आकड्याशी तुलना करून विचारावा. उत्तर म्हणून तो सोडण्याची कारणे सांगू लागतो. ‘आठ का नाही?’ विचारले तर न सोडण्याची कारणे सांगेल. एका आकड्याच्या फरकाने सगळा संवाद उलटतो. त्याने सांगितलेली कारणे त्याच्याच शब्दांत परत म्हणावीत आणि थांबावे. तिथे आपला सल्ला जोडण्याचा मोह फार मोठा असतो. तो न विचारता देऊ नये.

काही इशारे. सगळा विरोध मनातूनच येतो असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटते, कशातच रस उरलेला नाही, झोप-भूक बिघडली आहे, अशा माणसाला रकाने भरायला सांगू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय असेल तर थकवा खराच असतो, त्याला आळस म्हणणे अन्याय आहे. बरीच वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने निर्धाराच्या भरात एका रात्रीत ती बंद करू नये. झटके आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, ते वैद्यकीय देखरेखीखालीच करायचे असते. जो माणूस दोन नोकऱ्या करतो किंवा आजारी माणसाची एकट्याने शुश्रूषा करतो, त्याला बदलायला हवी ती परिस्थिती आहे, आणि त्याला ‘मानसिकता बदल’ म्हणणे क्रूर आहे. कधी कधी तिसरा रकाना भरल्यावर विरोधच बरोबर होता असेही दिसते: ध्येय वडिलांचे होते, जोडीदाराचे होते, आपले नव्हतेच. तेव्हा ध्येय सोडून देणे हाही या कामाचा निकाल असतो आणि तो तितकाच चांगला असतो.

संपादक महोदय, आपल्याकडून तीन गोष्टींची विनंती आहे. यापुढे पुरवणीतल्या लेखांतून २१ दिवसांचा दावा काढून टाकावा. स्वतःला बदलण्याविषयी पुढचा विशेष अंक निघेल तेव्हा त्यात प्रेरणादायी वचनांच्या जागी चार रकान्यांचा कोरा तक्ता छापावा, कात्रण काढता येईल असा, प्रत्येक रकान्याखाली त्याचा प्रश्न देऊन. आणि सहा आठवड्यांनी वाचकांना विचारावे: तिसऱ्या रकान्यात काय निघाले? नावे न छापता ती उत्तरे छापावीत.

कळावे, लोभ असावा.

समुपदेशन क्षेत्रातील एक वाचक